चौकशी करा साहेब, पण कागद द्या

माझं झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान आहे, वडश्याहून कुरखेड्याकडं जाणाऱ्या रोडवर. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, रेल्वेचं तिकीट, सिमकार्ड, सगळं होते इथं. मागच्या धानकटाईत एक बाई आली, पदर डोळ्याले लावलेला अन् हातात पोराच्या आधारचा झेरॉक्स. "भाऊ, पोट्ट्याले घेऊन गेले, साध्या कपड्यातले होते, कुठं नेलं मालूम नाई, कागद-बिगद काईच देल्ला नाई." दुकान बायकोच्या भरोशावर सोडलं अन् गाडीवर तिला बसवून ठाण्यात गेलो.

प्रकरण असं निघालं का त्या पोरानं दोन वर्षांआधी आठवडी बाजारात छत्री लावून बसणाऱ्याजवळून सिम घेतलं होतं. छत्रीवाल्यानं दोनदा अंगठा लावून घेतला, "मशीन पकडत नाही रे, परत लाव" म्हणून. एका अंगठ्याचं सिम याला मिळालं, दुसऱ्या अंगठ्याचं कुठल्या कुठं विकलं गेलं अन् दुसऱ्या राज्यातल्या एका गंभीर गुन्ह्यात सापडलं. म्हणजे पोलीस काही उगीच नव्हते आले. त्यांच्याजवळ नंबर होता, नंबरवर याचं नाव होतं, ते याच्या दारात येणारच, अन् आलेच पाहिजे. पण आले ते नोटीस न देता, नेलं ते घरी न सांगता, मोबाइल ठेवून घेतला तो पावतीशिवाय. पोरगं दुसऱ्या दिवशी सांजच्याले घरी आलं. मोबाइलचं शेवटी सांगतो.

तेव्हापासून दुकानात कोणी ना कोणी विचारतच राहते, भाऊ आपल्यासोबत असं झालं तर काय करावं. म्हणून हे लिहून राहिलो. मी वकील नाही, पण कोर्टाच्या आवारात टायपिंग करून सात वर्षं काढले अन् त्या काळात जे पाहिलं-वाचलं ते सांगतो. केस लागली असेल तर वकीलच पाहा, हे वाचत नका बसू.

अतिरेक्यांना रोखाले पोलिसांनी माणसाच्या हक्कात किती हात घालावा, टीव्हीवर याचा वाद रोजच चालते, एक म्हणते देश आधी, दुसरा म्हणते हक्क आधी, अन् दोघंही दिल्ली-मुंबईत एसीत बसलेले. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दोन्ही गोष्टी एकाच घरात राहून राहिल्या. १ मे २०१९ ले, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, आमच्याच कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला, १५ पोलीस अन् गाडीचा ड्रायव्हर गेला. त्यातले कितीतरी इकडचेच पोरं, कोणाच्या ना कोणाच्या नात्यातले. अन् अंदरच्या गावात वीस-पंचवीस वर्षांआधी काय हालत होती ते जुन्या माणसाले विचारा. रातच्याले दादालोक, म्हणजे नक्षलवादी, बंदुका घेऊन जेवाले मागत, नाही म्हणायची सोय नाही. सकाळी पोलीस विचारत, काहून जेवू घातलं. पोलिसाशी दोन शब्द बोललं का इकडून 'खबऱ्या' म्हणून मारत अन् लाशेजवळ पत्रक टाकत. ऑक्टोबर २०२५ मधे त्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसोबत गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, आता जरा श्वास घ्याले जागा झाली. पण कायदे अन् सवयी तेव्हाच्याच आहेत, अन् त्या लवकर जात नाहीत.

तीन प्रश्न, कोणत्याही चौकशीले लावा

२४ ऑगस्ट २०१७ ले सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमधे सांगितलं का खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, पण सरकारले गरजेपुरता त्यात हात घालता येते. कधी, ते तपासाची फूटपट्टी पण दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर, एक, याले कायद्याचा आधार आहे का. दोन, खरोखर गरज आहे का. तीन, जेवढ्यास तेवढंच करून राहिले का, म्हणजे उंदीर पकडाले घर तर जाळून नाही राहिले ना. नाक्यावर गाडीची डिक्की पाहणं या तिन्हीत बसते. डिक्की पाहता पाहता पोराच्या मोबाइलमधले फोटो चाळत बसणं नाही बसत. ही फूटपट्टी डोक्यात असली का घाबरायचं कुठं अन् विचारायचं कुठं ते आपोआप समजते.

आधी आपलं घर पाहा

हक्काची गोष्ट नंतर, आधी आपल्या बाजूनं भोकं बुजवा, कारण अर्ध्या भानगडी आपल्याच आळसानं होतात. संचार साथी नावाची सरकारी साइट आहे, तिथं आपला नंबर अन् ओटीपी टाकला का आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसते. जो नंबर आपला नाही त्यावर तिथंच तक्रार टाका, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याकडं एका म्हाताऱ्याच्या नावावर सहा निघाले, त्याच्याजवळ स्वतःचा मोबाइल पण नाही, नातवाचा वापरते. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात, अन् २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात खोटेपणानं सिम घेतल्यावर तीन वर्षांपर्यंत कैद अन् ५० लाखांपर्यंत दंड लिहिला आहे. छत्रीवाल्यानं दुसऱ्यांदा अंगठा मागितला का उठून या, सिम नाही भेटलं तर नाही भेटलं.

आधारचा झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, कशासाठी दिला, कोणत्या तारखेले. लोक हसतात मला यावर, हसू द्या. मास्क्ड आधार निघते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, लॉजवाल्याले तेच द्या.

धानकटाईले, वीटभट्टीले, तेंदूपत्त्याच्या हंगामात बाहेरचे मजूर येतात, छत्तीसगडचे, एमपीचे. घर किंवा कोठा राहाले दिला असेल तर त्यांचे नाव-गाव पोलीस पाटलाजवळ देऊन ठेवा. पोलीस पाटील काही शोभेचं पद नाही, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्याच्यावर हीच जबाबदारी टाकली आहे. यात त्या मजुराचा अपमान नाही, उलट उद्या त्याच्यावर कोणी आळ घेतला तर तोच कागद त्याच्या कामी येते.

अन् विहीर खोदताना ब्लास्टिंगवाला उरलेलं जिलेटिन, डिटोनेटर तुमच्या कोठ्यात ठेवून गेला असेल तर आजच ठाण्यात कळवा. "पुढच्या विहिरीले कामी येईन" म्हणून बैलाच्या दावणीजवळ ठेवलेलं पाहिलं आहे मी. रानडुकरासाठी गावठी गोळे बनवणं तर विसरूनच जा. स्फोटक पदार्थाचा कायदा १९०८ चा आहे अन् त्यात शिकाऱ्याले सूट नाही.

मोबाइलमधलं तोंड सांभाळा, पण शिवून नका घेऊ

एखादा हल्ला झाला का ग्रुपवर फोटो, ऑडिओ, "आपल्या तालुक्यात चार जण घुसले" असं सुरू होते. दोन समाजात तेढ वाढवणारं, खोटी भीती पसरवणारं फॉरवर्ड केलं तर न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम १९६ किंवा ३५३ लागू शकते, अन् "मी फक्त पुढं ढकललं" हे काही कामाचं उत्तर नाही. पण सरकारवर टीका करणं, पोलिसाच्या कामावर प्रश्न विचारणं, हमीभावासाठी मोर्चाचा मेसेज टाकणं, हा काही देशद्रोह नाही. पूर्वी आयटी कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं, दोन पोरींवर फेसबुक पोस्टसाठी पालघरमधे कारवाई झाली २०१२ मधे अन् त्यावर देशभर बोंब झाली, २४ मार्च २०१५ ले सुप्रीम कोर्टानं ते कलमच उडवलं. आता कोणी ६६-अ ची धमकी देत असेल तर त्याले सांगा साहेब ते मेलं.

ग्रुप अॅडमिन लोकांची वेगळी भीती असते. गोंदिया जिल्ह्यातलीच केस होती, मार्च २०२१ मधे नागपूर खंडपीठानं सांगितलं का ग्रुपवर दुसऱ्यानं काही टाकलं तर नुसता अॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवावं लागते. तरी वाईट पोस्ट दिसली का काढून टाका अन् त्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

आणखी एक नवीनच निघालं आहे. व्हिडिओ कॉल येते, वर्दीतला माणूस म्हणते तुमच्या आधारवर अतिरेक्याचं खातं आहे, तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात, कोणाले सांगायचं नाही, पैसे टाका. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याच कायद्यात नाही. फोन कापा, १९३० वर लावा. एका निवृत्त गुरुजींनी माझ्या दुकानात येऊन आरटीजीएसचा फॉर्म मागितला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मी विचारलं अन् म्हणून वाचले.

नाकाबंदी

थांबा. हेल्मेट काढा, गाडी बंद करा, कागद दाखवा, डिजिलॉकरमधले चालतात. बॅग, डिक्की पाहू द्या. इकडच्या रोडवर जे घडून गेलं ते पाहता जवानाच्या डोक्यावर काय टेन्शन असते ते समजून घ्या, तो पण बारा-बारा तास उभा आहे. मोबाइल मागितला तर आवाज न चढवता विचारायचं, "साहेब, कोणत्या गुन्ह्यात पाहिजे? जप्त करत असाल तर पंचनामा करा, मी देतो." बस. पळायचं नाही, व्हिडिओ काढून तोंडावर धरायचा नाही, "तुमची नोकरी घालवतो" तर बिलकुल म्हणायचं नाही. दहातले नऊ वेळा मोबाइल वापस खिशात जाते. दहाव्या वेळी काय करायचं ते पुढं आहे.

ठाण्यातून फोन आला, "या जरा"

फोनवर 'या जरा' म्हणणं ही नोटीस नव्हे. साक्षीसाठी बोलवायचं असलं तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागते. आरोपी म्हणून विचारायचं असेल अन् गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर कलम ३५ ची नोटीस लागते, ती पण हातात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मधे सांगितलं. तरी व्यवहाराचं बोलतो, बीटचा जमादार ओळखीचा आहे, साधी चौकशी आहे, तर कायद्याचा कीस पाडत बसू नका, जाऊन या. फक्त एकटं जाऊ नका. सोबत शिकलेला एक माणूस घ्या, पोलीस पाटलाले सांगून जा, अन् घरच्या माणसाले मेसेज टाका, "ठाण्यात जाऊन राहिलो, ११ वाजून १० मिनिटं." तो मेसेज उद्या पुरावा आहे.

बाई असेल, १५ वर्षांखालचं पोरगं असेल, ६० च्या वरचा माणूस असेल, अपंग किंवा फार आजारी असेल तर साक्षीसाठी ठाण्यात बोलवताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आमच्या वडश्याले हे वेगळ्यानं सांगायची गरज नाही. १९७२ मधे इथल्याच ठाण्यात रात्रीच्या वेळी एका आदिवासी पोरीवर जे झालं त्यावरून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या अन् १९८३ मधे पोलीस कोठडीतल्या अत्याचाराचा कायदा बदलला. म्हणून पोरीबाळीले रात्री ठाण्यात बोलावलं तर 'साहेब चांगले आहेत' हे ऐकायचंच नाही. बाईले सूर्य बुडाल्यावर अटक करायची तर महिला पोलीस अन् मॅजिस्ट्रेटची आधी लेखी परवानगी पाहिजे, ते पण अगदीच तशी वेळ असेल तर.

जबाब लिहून घेतला का वाचून दाखवा म्हणा. पोलिसासमोरच्या जबाबावर सही घेता येत नाही हे लय लोकांले मालूमच नाही. कोऱ्या कागदावर तर कोणाच्याच बापाच्या सांगण्यावरून सही करू नका.

उचलून नेलं तर

हे नीट वाचा, अन् स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

पहिला तास लय महत्त्वाचा. रडारड होते, सगळे आमदाराच्या पीएले फोन लावतात. आधी दुसरं करा. गाडीचा नंबर, किती जण, वर्दी होती का नाही, किती वाजता, कोणत्या दिशेले गेले, हे एका कागदावर लिहा, ज्यांनी पाहिलं त्यांचे नाव खाली. मग जवळच्या ठाण्यात जा अन् विचारा का अशी कोणती टीम आली होती काय, स्टेशन डायरीत नोंद आहे काय. दुसऱ्या राज्याचे पोलीस असले तर इथून घेऊन जाण्याआधी जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे बाहेर नेण्याची परवानगी, घ्यावा लागते. ठाण्यात ऐकतच नसतील तर ११२ वर फोन करा, त्याची नोंद राहते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज एसपी ऑफिसले मेल करा अन् रजिस्टर पोस्टानं टाका. त्या बाईसोबत मी हेच केलं, ठाणेदार आधी म्हणे "आम्हाले काही माहीत नाही," अर्जावर पोच मागितली तेव्हा आतल्या खोलीतून पोराचा आवाज आला. पोरगं त्याच इमारतीत होतं.

अटक केली म्हटलं का हे चार कागद लागतात. अटकेचा पंचनामा, त्यावर घरचा किंवा गावातला साक्षीदार अन् वेळ. अटकेचं कारण, लेखी. घरच्याले कळवल्याची नोंद. मेडिकल. हे काही कोण्या साहेबाची मेहरबानी नाही, डी. के. बसू केसमधे सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या डिसेंबरात अकरा नियम घालून दिले, अन् आता ते कायद्यातच आले. लेखी कारणाबद्दल तर मे २०२४ मधे यूएपीएच्याच (दहशतवादाविरुद्धचा कडक कायदा) एका केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं का कारण लिहून दिलं नाही म्हणून अटकच बेकायदा. मग नोव्हेंबर २०२५ मधे आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना त्यांच्या बेंचनं आणखी पुढं जाऊन सांगितलं का सगळ्याच गुन्ह्यात कारण लेखी पाहिजे अन् अटक झालेल्या माणसाले समजते त्या भाषेत पाहिजे, अन् रिमांडच्या कमीत कमी दोन तास आधी हातात पडलं पाहिजे. गोंडी बोलणाऱ्या माणसाले इंग्रजी कागद देऊन अंगठा घेणं आता चालणार नाही, निदान वकिलानं ते उचलून धरलं तर.

२४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर. प्रवासाचा वेळ वेगळा, पण भामरागडहून गडचिरोलीले यायला चार दिवस लागत नाहीत. हे घटनेच्या कलम २२ मधे आहे. कोर्टात उभं केलं का मारलं असेल तर तिथंच सांगायचं, मॅजिस्ट्रेट विचारतात त्यावेळी मान खाली घालून "काही तक्रार नाही" म्हणू नका, नंतर सांगून फायदा कमी होते. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज कमीत कमी एक वर्ष जपून ठेवायचं असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मधे सांगितलं आहे, म्हणून फुटेज राखून ठेवा असा अर्ज लवकर टाका.

वकिलाले पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. कोठडीतला माणूस, बाई, एससी-एसटी, यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळते. लोक म्हणतात अतिरेक्याले कशाले वकील पाहिजे. अरे बाप्पा, कसाबले दिला. १६६ माणसं मेली, तुकाराम ओंबळेंनी छातीवर गोळ्या झेलून त्याले जिवंत पकडलं, अन् मग कोर्टात त्याले वकील दिला, हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, नोव्हेंबर २०१२ मधे येरवड्यात फाशी. जगात कोणी बोट नाही दाखवू शकलं. त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं मॅजिस्ट्रेट लोकांले सांगून ठेवलं का पहिल्यांदा समोर आणलेल्या माणसाले वकिलाचा हक्क सांगायचाच.

यूएपीए लागला तर

मग खेळ लंबा आहे. पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत, आरोपपत्राले ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात, अन् कागदावर आरोप खरा वाटला तरी जामीन अडते. २००८ मधे २६/११ नंतर हे कडक झालं, २०१९ पासून संघटनाच नाही, एकट्या माणसाले पण अतिरेकी ठरवता येते. म्हणून तपासायच्या गोष्टी दोन. राज्य पोलिसांत याचा तपास डीवायएसपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. अन् खटला चालवाले सरकारची आधी मंजुरी लागते. वर्षानुवर्षं खटला रखडला तर जामीन देता येते हे सुप्रीम कोर्टानं २०२१ मधे मान्य केलं.

कागद चुकला का काय होते ते पाहा. प्रोफेसर जी. एन. साईबाबाले नक्षलवाद्यांशी संबंधाच्या आरोपात गडचिरोलीच्या कोर्टानं मार्च २०१७ मधे जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठानं मार्च २०२४ मधे मंजुरीतल्या अन् पुराव्यातल्या चुकांवर सोडलं. ऑक्टोबरात तो माणूस वारला. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटात १८० च्या वर लोक मेले, बारा जणांले शिक्षा झाली, १९ वर्षांनी जुलै २०२५ मधे हायकोर्टानं बाराही जण सोडले, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. मालेगाव २००८ मधे पण सातही जण त्याच महिन्यात सुटले, अन् ते वेगळ्या धर्माचे वेगळ्या विचाराचे. तुमचा राग कोणावर आहे त्याप्रमाणे तुम्ही एका निकालावर खुश अन् दुसऱ्यावर नाराज असाल, मी पण असतो. पण मेलेल्यांच्या घरी जाऊन सांगा का बॉम्ब ठेवला कोणी. जे निर्दोष होते त्यांची जवानी गेली, अन् जो कोणी खरा होता तो मजेत चहा पिऊन राहिला असेल कुठंतरी. म्हणून मी ठाणेदाराले कागद मागतो तेव्हा त्यांच्या विरोधात नाही मागत, त्यांची केस कोर्टात टिकावी म्हणून पण मागतो. हे मी त्यांना तोंडावर बोललो आहे. एकाले पटलं, एकानं हाकललं.

पंच म्हणून सही मागितली तर

हे आपल्या गावात सगळ्यात जास्त होते अन् यावर कोणी बोलतच नाही. पानठेल्यावर उभा असलेला माणूस धरला, "चल, इथं सही कर." तो करते. चार वर्षांनी समन्स आलं का कोर्टात म्हणते मला काही माहीत नाही, ठाण्यात सही घेतली. केस तिथंच बसते. पंच होणं टाळू नका, लेखी बोलावल्यावर कारण नसताना नाही म्हणणं हाच गुन्हा आहे. पण जागेवर जा, जे निघालं ते डोळ्यानं पाहा, पाकिटाले सील लागलं का पाहा, मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय नंबर लिहिला का पाहा, मगच सही. जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे, त्यात तुमचं तोंड दिसलं पाहिजे. अन् घरी येऊन वहीत चार ओळी लिहून ठेवा. कोर्टात चार वर्षांनी त्याच वाचवतात.

मंत्री आले, नेट बंद, जमावबंदी

कापसाचा, धानाचा प्रश्न घेऊन बोलणाऱ्या पोरांले मंत्र्याच्या दौऱ्याआधी गडबड करू नका अशी नोटीस येते, जुन्या सीआरपीसीचं कलम १४९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६८. ती घ्या, सही करा, त्यावर 'शांततेनं निवेदन देणार आहे' असं लिहा. ठाण्यात बसवून ठेवलं तर जुनी १५१, आताची १७०, तिच्यात २४ तासांच्या वर ठेवता येत नाही. हे काही दहशतवाद रोखणं नव्हे हे पोलिसांनाही मालूम असते, चहा पाजतात बिचारे.

नेट बंद करायचं तर लेखी आदेश लागते, तो छापून लोकांले दिसला पाहिजे, सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलं आहे, अन् एका आदेशात १५ दिवसांच्या वर नाही. नोव्हेंबर २०२१ मधे अमरावतीत नेट बंद होतं तेव्हा दंगल थांबवायची गरज होती, ते मी मानतो. पण बँकेचा ओटीपी, पोरांचे फॉर्म सगळं अडते, म्हणून आदेश पाहा अन् तारीख संपल्यावर विचारा. माहिती अधिकार लावा, दहा रुपयांत होते. सुरक्षेच्या नावानं काही माहिती नाकारता येते, पण माणसाच्या जिवाचा किंवा अटकेचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागते. त्या अर्जात वर मोठ्या अक्षरात तसं लिहा, नाहीतर तीस दिवसांच्या गठ्ठ्यात जाते.

नवीन कायदा येत असेल तरी बोलता येते. राज्याचं जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मधे मंजूर झालं, त्याआधी ते समितीपुढं होतं अन् लोकांकडून सूचना मागवल्या तेव्हा बारा हजारांच्या वर आल्या. आमच्या दुकानातून किती गेल्या म्हणाल तर तीन, त्यात एक माझी.

स्वतः पोलीस बनू नका

अनोळखी माणूस दिसला का गाव गोळा होते. १ जुलै २०१८ ले धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांले मारून टाकलं, नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी फिरत होते. सुरुवात मोबाइलवरच्या अफवेनं. आपल्या इकडं नाथजोगी येतात, बहुरूपी तर पोलिसाच्याच ड्रेसवर येते. संशय आला तर बसवा, पाणी द्या, ११२ लावा, पोलीस येईपर्यंत कोणी हात लावणार नाही याची दोन जाणत्या माणसांनी हमी घ्या. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा असल्या कारणावरून जीव घेतला तर आता वेगळंच कलम आहे, फाशी नाही तर जन्मठेप.

अन् मोबाइल

जप्त मोबाइल परत मिळवाले कोर्टात सुपुर्दनाम्याचा अर्ज करावा लागते, बिल अन् आयएमईआय जोडून. त्या पोराचं इथंच अडलं, कारण जप्तीचा कागदच नव्हता, म्हणजे सरकारदरबारी मोबाइल कोणी घेतलाच नव्हता. एसपी ऑफिसले अर्ज, मग माहिती अधिकार, मग अपील. पाच महिन्यांनी ठाण्यातून फोन आला, "घेऊन जा." बॅटरी फुगलेली, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. पोच म्हणून त्यांनी याची सही मागितली. पोरगं म्हणे, साहेब, आधी वाचू द्या. ठाणेदार हसले, म्हणे कोणी शिकवलं रे तुले.